भाभीजींना फोन लावा

साठी उलटलेल्या, खिशात स्वतःच्या पेन्शनचे पैसे असलेल्या माणसाला इंदूरसारख्या शहरात सुईचं एक पाकीट आपल्या मर्जीनं विकत घेता येत नाही. बायकोची संमती लागते. हे मी चिडून लिहितोय, तेव्हा भाषा कुठे घसरली तर सांभाळून घ्या.

राजवाड्यामागच्या गल्लीतलं एक मॅचिंग सेंटर. नाव सांगत नाही, कारण सुया पुन्हा तिथूनच आणायच्या आहेत. काउंटरवर ब्लाउजपीस, फॉल आणि अस्तरांचा ढीग, ढिगाच्या अलीकडे बायकांची गर्दी, पलीकडे गळ्यात टेप अडकवलेला मालक. मी जागा करत पुढे झालो आणि म्हटलं, "भिया, सुई देना. सात नंबर की."

"मसीन की?"

"हाथ की."

"किसके लिए?"

"मेरे लिए."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं, एखादं बाईमाणूस उभं आहे का ते बघायला. नव्हतं. मग यात्रेत चुकलेल्या पोराशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "ऐसा करो भाईसाब, भाभीजी को फोन लगाओ. मैं बात कर लेता हूँ."

आता आमच्या घरची वस्तुस्थिती अशी, की सौभाग्यवतींनी सुई शेवटची हातात धरली ती शाळेत शिवणाच्या तासाला, आणि तो तासही बहुतेक बुडवला. जन्मभर गणित शिकवलं. घरातली बटणं, हुक, परकरांचे नेफे, मुलीच्या गॅदरिंगच्या झालरी, सगळं लग्नापासून माझ्याकडे. पण हे भर दुकानात कुणाकुणाला सांगत बसणार? मागच्या बाई "अंकल, जल्दी करो ना" म्हणायला लागल्या, तेव्हा मी निमूट फोन लावला. मालकानं तो माझ्या हातातून काढून घेऊन स्पीकरवर टाकला.

"बड़े छेद वाली दे दो भैया," हिचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला. "चश्मा घर भूल गए हैं." आणि पुढे मला, शुद्ध मराठीत, "येताना कोथिंबीर आणा. गेल्या वेळेसारखी पिवळी नको."

बायका हसल्या. मालकानं एक पाकीट पुढे सरकवलं. घरी येऊन उघडलं तर मॅटीवर भरतकाम करायच्या सुया. नेढं ऐसपैस, टोक बोथट. अशा सुईनं गोधडीचे पाच थर सोडा, पिकलेलं केळंही टोचलं जाणार नाही. बिलावर छापलंय, बिका हुआ माल वापस नहीं होगा.

पण तो घरी आल्यावरचा संताप. दुकानातला अजून बाकी आहे.

खांबाला टेकून, प्लास्टिकच्या स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर तीन पिशव्या, हातात शेवेची पुडी. काउंटरवर त्यांच्या पत्नी फॉलच्या जांभळ्या रंगावरून मालकाच्या पोऱ्याशी भांडत होत्या, आणि ते भांडण बराच वेळ चालणार हे पुडीच्या आकारावरून कळत होतं. कोथिंबीर ऐकून त्यांनी माझी जात ओळखली होती.

"तुम्हाला पण पाठवलेलं का?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. "बसा. मी तर साडेअकरापासून बसून राहिलोय."

मी म्हटलं, पाठवलेलं नाही, स्वतःच आलोय. सुई माझ्यासाठीच हवी आहे. गोधडी शिवतो.

त्यांनी तोंडाकडे नेलेली शेव परत पुडीत ठेवली. स्टूल जरा माझ्याकडे ओढलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरनं सांगितलंय का?"

"नाही हो."

"नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या मेव्हण्याला बायपासनंतर बागकाम करायला लावलं होतं. त्याची बोटं थरथरायची. तुमची पण थरथरून राहिलीत का?"

थरथरत होती, पण रागानं. मी सांगितलं की प्रकृती उत्तम आहे, आवड म्हणून करतो.

"घरी सगळं ठीक?"

"ठीक."

"मुलं येतात भेटायला?"

एवढं सगळं, लक्षात घ्या, मी शिवतो म्हणून. हाच गृहस्थ आपली पँट आल्टर करायला ज्या दुकानात जात असेल तिथे शिवणारा पुरुषच असतो, काजं करणारा पुरुष, रफू करणारा पुरुष. त्याला कुणी विचारतं का, मुलं भेटायला येतात का म्हणून? मी स्वतः सरकारी नोकरीत जन्मभर टोच्यानं फायली टोचल्या आणि लाल नाडीनं बांधल्या, तेव्हा कुणाला माझ्या तब्येतीची चिंता वाटली नाही. पैसे घेऊन भोकं पाडली तर माणूस धडधाकट, घरी बसून फुकट पाडली की लगेच बायपास.

मी आजीकडून शिकलो. शिकलो म्हणजे, तिला दिसेनासं झालं तेव्हा सुई ओवून देणं हे माझं काम होतं. दोरा तिरका कापायचा, दोऱ्याऐवजी सुईचं नेढं ओलं करायचं, आणि दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा आळशाचा, ती म्हणायची. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही. जुन्या सुती साड्या एकावर एक अंथरायच्या, मध्ये एखादं धोतर किंवा मिलचा लठ्ठा, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, सगळीकडून कच्चे टाके घालून ते सरकणार नाही असं करायचं, आणि मग कडेपासून धावदोरा. कडेनं एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. परदेशात म्हणे मधून सुरुवात करून बाहेर जातात, म्हणजे कापडाचा फुगवटा कडेला निघून जातो. आपल्याकडे तो फुगवटा बरोबर मध्ये येऊन बसतो आणि शिवणाऱ्याची अक्कल तिथेच कळते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही अशाच कडेकडून आत येत शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही. मी एकदा तशी फुलं लावून पाहिली. हिनं विचारलं, कोपऱ्यात बोळे का राहिलेत?

थंडीतल्या दुपारी गच्चीवर उन्हाला पाठ करून बसावं. सुईवर पाच-सहा टाके एकदम भरावेत. मधल्या लठ्ठ्याशी सुई अडते, तिथे अंगुस्तान लावून रेटा द्यायचा. टक् असा बारीक आवाज येतो, आणि मग सगळा दोरा सर्रकन येतो. कापड मागे किंचित चुरतं. ती चूण बोटानं सारखी करायची आणि पुढे. या कामात डोकं लागत नाही असं लोकांना वाटतं. त्यांनी कोपरा वळवून दाखवावा.

लठ्ठ्यावरून आठवलं. आमच्याकडे आजीच्या हातची जी गोधडी आहे तिच्या पोटात मिलचा लठ्ठा आहे. या शहरात एके काळी कापडाच्या मिलच मिल होत्या. मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी, हुकुमचंद, भोंगे वाजले की लोक घड्याळं लावायचे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि कामगारांची थकबाकी वाटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! तेवढ्यात कितीतरी कामगार गेले. कापड अजून धडधाकट आहे, दोनदा वरची साडी बदलली, आतला लठ्ठा हलला नाही. आता असलं कापड आणायचं कुठून? घरात सुती साडी उरलेली नाही. कपाटभर साड्या आहेत, सगळ्या अशा की सुई घातली की सरकतात आणि पांघरल्या की घाम फुटतो. एक जुनी महेश्वरी होती, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिच्यावर माझा कित्येक वर्षं डोळा होता. हिनं ती कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईला देऊन टाकली आणि स्टीलचा डबा घेतला. डब्याचं झाकण बसत नाही.

असो. स्टुलावरच्या गृहस्थांची माझ्या प्रकृतीबद्दल खात्री पटली, तेव्हा ते हिशेबाकडे वळले. खिशातून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला.

"एक गोधडी किती दिवसांत होते?"

"तसं काही..."

"तीन महिने धरू. रोज दोन तास. झाले एकशे ऐंशी तास. आता डबलबेडचं ब्लँकेट रस्त्यावर साडेतीनशेला मिळून राहिलंय, मऊ, वर वाघाचं चित्र. म्हणजे तुमच्या मालाची किंमत साडेतीनशे."

"माल नाहीये हो तो."

"दोरा?"

"काय दोरा?"

"दोऱ्याचा खर्च. एकशेवीस धरू. राहिले दोनशेतीस. भागिले एकशे ऐंशी." त्यांनी बोटानं टकटक केलं. "तासाला एक रुपया अठ्ठावीस पैसे पडले तुम्हाला. शिवताना चहा घेता?"

मी काय बोलणार. घेतो म्हटलं.

"दहा रुपयांचा धरला तर नव्वद दिवसांचे नऊशे." बराच वेळ ते स्क्रीनकडे बघत राहिले. नंतर नातेवाइकाला वाईट रिपोर्ट सांगावा तसा चेहरा करून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही तासाला पावणेचार रुपये पदरचे घालून राहिलात."

तेवढ्यात त्यांच्या पत्नींना जांभळा रंग मिळाला. त्यांनी वळून विचारलं, काय झालं? तर हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे गोधड्या शिवतात. तोट्यात आहेत." त्या बाईंनी माझ्याकडे अशा काही करुणेनं पाहिलं की मला खरोखरच कुठेतरी कर्ज झाल्यासारखं वाटलं.

हसण्यावारी नेतोय, पण मला हा प्रकार मनापासून लागतो. सकाळी रीजनल पार्कला फिरायला जातात त्यांना कुणी विचारत नाही, किलोमीटरमागे काय सुटलं. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्यानं गराडूचा तळलेला कंद आणि भुट्ट्याचा कीस खाणाऱ्याला ताशी नफा काढून दाखवत नाहीत. टीव्हीसमोर पाच तास बसला तर तो विश्रांती घेतोय. पण हातानं काही केलं की लगेच दोन प्रश्न: विकता का, आणि विकत नाही तर कशाला करता? घरचेही तसेच. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, बाबा, इंस्टाग्रामवर टाका, आजकाल याला खूप मागणी आहे. जावई म्हणतो, बाबांनी वर्कशॉप घ्यावं. प्रदर्शनात असल्याच गोधडीला लाकडी दांडीवर टांगून, शेजारी चिठ्ठी लावून हजारोंची किंमत सांगतात, तिथे मात्र हेच लोक तिला हात लावायला घाबरतात. गच्चीवर बसून शिवलेली दिसली, की जिना पुसायला एक द्या ना म्हणतात. शेजारच्यांनी खरंच मागितली होती.

निघताना त्या गृहस्थांनी माझा नंबर मागितला. मी दिला. इंदुरात नंबर मागितला तर नाही म्हणायची पद्धत नाही. वाटलं, फार तर सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार येईल. दोन दिवस तसंच आलं. काल रात्री मात्र वाघाच्या ब्लँकेटचा फोटो आला, खाली किंमत, साडेतीनशेला काट मारून दोनशे नव्याण्णव. म्हणजे माझा तोटा आणखी वाढला होता, हे त्यांना कळवायचं होतं.

आज सकाळी मेसेज आला तो असा: "नमस्कार भाऊसाहेब. मुलाकडे संक्रांतीच्या सुमारास पाळणा हलणार आहे. बाळासाठी सुती गोधडी करून द्याल का? बाजारातली ब्लँकेटं टोचतात म्हणे. कोपऱ्यात नाव पण घाला, नाव मग कळवतो. तुमचा तसाही तोटाच होऊन राहिलाय, म्हणून पैशांचं काही बोलत नाही." आणि खाली दोन जोडलेले हात.

मी उत्तर दिलेलं नाही. पण मेसेज उघडला गेलाय, निळ्या खुणा तिकडे दिसल्या असणार, आणि तेव्हापासून पलीकडे काहीतरी टाइप होतंय.