६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या बुशवरचं (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळीवरचं) कोटिंग: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, पण कारणं नीट लिहिलीत: पीईओ कोटिंग (प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन: टाकीतल्या द्रावात विजेच्या ठिणग्यांनी चढवलेला कठीण ऑक्साइडचा थर) खरखरीत, कडा जळलेल्या, बोअरमध्ये म्हणजे मधल्या भोकात शाफ्ट जात नाही, ‘यापेक्षा हार्ड अ‍ॅनोडायझिंग (ठिणग्यांशिवाय विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर) बरं’. पहिल्या दोन चुका पूर्ण आमच्या, तिसरी अर्धी.

जॉब कार्ड पाहिलं. ५० मायक्रॉनसाठी आम्ही एरवी चौरस डेसिमीटरला १० अँपिअर देतो. तुमचं काम घाईचं म्हणून १८ दिले, वर ड्यूटीही (प्रत्येक पल्समध्ये करंट चालू राहण्याचा वाटा) वाढवली. थर जाड होतो तसं तो फोडायला व्होल्टेज जास्त लागतं; शेवटी ते ५०० च्या वर गेलं. अशा वेळी बारीक पांढऱ्या ठिणग्या जाऊन मोठ्या, नारिंगी, एकाच जागी रेंगाळणाऱ्या ठिणग्या उरतात. त्यातली प्रत्येक वितळलेलं अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) बाहेर फेकते: मधे भोक, भोवती थिजलेली चकती. नखाला लागते ती खरखर हीच. धारेवर करंट एकवटतो, म्हणून आधी कडा जळतात.

पुढच्या लॉटला १० अँपिअरच राहील, वेळ लागला तरी. फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ, म्हणजे पल्स छोटा आणि ठिणगीला वाढायला सवड नाही. पल्स आलटून पालटून उलट दिशेने जातात; त्यात निगेटिव्ह चार्ज पॉझिटिव्हपेक्षा जरा जास्त ठेवू. ते जमलं की काही वेळाने व्होल्टेज उतरतं, टाकीची तडतड बसते आणि तिथून पुढे थर घट्ट चढतो. (मीटरआधी कानाला कळतं.) टाकी ३० अंशांखाली.

बोअरचं म्हणाल तर ड्रॉइंगवर फायनल साइज होता आणि आम्ही न विचारता तसाच कोट केला. निम्म्याहून जास्त थर धातूत आत वाढतो, बाकीचा बाहेर. ५० मायक्रॉनला बोअरचा व्यास साधारण ०.०४ मिमी घटतो. तेवढा मोठा करून पाठवा.

हार्ड अ‍ॅनोडायझिंगबद्दल: लोड हलका असेल तर खरंच तेच करा, स्वस्त पडेल. धूळ आणि घासणं असेल तिथे पीईओ. त्याचा आतला थर १००० विकर्सच्या (कठीणपणाचं माप) वर जातो, अ‍ॅनोडायझिंग साधारण ४०० वर थांबतं.

आलेले पीस वाचणार नाहीत. बाहेरचा भुसभुशीत थर पॉलिशने निघेल, जळलेली कड नाही. आणि कॉस्टिकमध्ये कोटिंग उतरवायला गेलं तर खालचं अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. नवे कोरे बुश पाठवा, कोटिंगचे पैसे घेणार नाही. फक्त कडांना ०.५ मिमीचा रेडियस (गोलाई) मारा. चॅम्फर (तिरका काप) नको, त्याने एकाच्या दोन धारा होतात.