बिनोदिनी दासींच्या ‘संन्यासा’विषयी

एकोणिसाव्या शतकातील बंगाली अभिनेत्री बिनोदिनी दासी यांच्याविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या भाचीने तो शाळेतील भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे त्याची दखल घेणे भाग पडले. बिनोदिनी ही भारतातील पहिली अभिनेत्री, कोलकात्याचे आजचे स्टार थिएटर तिच्यामुळे उभे राहिले आणि रामकृष्ण परमहंसांनी आशीर्वाद देताच त्याच रात्री रंगभूमी सोडून तिने संन्यास घेतला, असे त्यात म्हटले आहे.

‘पहिली’ हे तर सरळच चूक आहे. कोलकात्याच्या बंगाल थिएटर या नाटक मंडळीने १८७३ मध्येच चार स्त्रियांना नाटकात घेतले होते; बिनोदिनी रंगमंचावर आल्या त्या १८७४ मध्ये, द्रौपदीच्या सखीच्या छोट्याशा भूमिकेत.

संताप येतो तो संन्यासाच्या कथेचा. रामकृष्णांनी २१ सप्टेंबर १८८४ रोजी वैष्णव संत चैतन्यांवरील ‘चैतन्यलीला’ हे नाटक पाहिले आणि चैतन्यांची भूमिका करणाऱ्या बिनोदिनींना आशीर्वाद दिला, एवढे खरे. तो आशीर्वाद त्या आपले परमभाग्य मानीत, हेही कबूल करावे लागते. परंतु पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या अभिनय करीतच होत्या, आणि ‘बुद्धदेवचरित’मधील गोपा व ‘बिल्वमंगल ठाकुर’मधील चिंतामणी या भूमिका त्याच काळातल्या आहेत. आजारी रामकृष्णांचे दर्शन घेण्यासाठी १८८५ मध्ये त्या साहेबाच्या वेशात त्यांच्या कोलकात्यातील श्यामपुकुरच्या मुक्कामी शिरल्या, तेव्हा कामी आले ते नटीचेच कसब! रंगभूमी का सोडली, हे ‘आमार कथा’ (१९१२) या आत्मकथनात त्यांनी स्वतःच सांगितले आहे. गुर्मुख राय या धनिकाने देऊ केलेले पन्नास हजार रुपये नाकारून त्यांनी त्याच्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले, त्याला आपले नाव मिळेल असे त्यांना सांगण्यात आले, आणि सहकाऱ्यांनी नोंदणी मात्र ‘स्टार’ या नावाने केली. या फसवणुकीचा घाव त्या कारणांमध्ये मोजतात. नंतरही त्या संसारातच राहिल्या, मुलीला वाढवले, कविता लिहिल्या. सहकाऱ्यांचा दगा झाकून ‘पापिणीच्या उद्धारा’ची गोष्ट सांगणे सोयीचे असेल, पण त्यात बिनोदिनींचेच म्हणणे पुसले जाते.

राहिले आजचे स्टार थिएटर. बिनोदिनींचे स्टार १८८३ मध्ये बीडन स्ट्रीटवर उघडले; आजचे, विधान सरणी या रस्त्यावरचे, १८८८ मधले, म्हणजे त्यांनी रंगभूमी सोडल्यानंतरचे. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने बिनोदिनींचे नाव देण्याचे जाहीर केले, ते या दुसऱ्या नाट्यगृहाला.