कानबान म्हणजे शून्य स्टॉक? आधी कार्डांचा हिशोब तरी बघा

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, "कानबानचा फुगा फुटला" अशा थाटाची. (कानबान म्हणजे कार्डांच्या इशाऱ्यावर कारखान्यात माल बनवायची टोयोटाची पद्धत.) म्हणणं थोडक्यात असं की कानबान म्हणजे शून्य स्टॉक, पुल म्हणजे ऑर्डर आली की मग बनवायचं त्यामुळे प्लॅनिंग नकोच, चिप टंचाईत हे सगळं उघडं पडलं, सॉफ्टवेअरच्या जमान्यात पुठ्ठ्याची कार्डं कोण फिरवतं, आणि जास्त व्हरायटी असलेल्या कारखान्यात तर हे चालतच नाही. वाचायला खुसखुशीत आहे, पण बराचसा मजकूर चुकीचा आहे, आणि मॅनेजमेंटने हे वाचून निर्णय घेतले की निस्तरायचं शॉप फ्लोअरवाल्यांनी, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कानबान म्हणजे शून्य स्टॉक."

कोणी सांगितलं? कानबानमध्ये स्टॉक असतोच, फक्त त्याला वरची मर्यादा असते. प्रत्येक बिनला, म्हणजे भाग ठेवायच्या डब्याला, एक कार्ड, कार्ड सुटं झाल्याशिवाय नवीन बिन भरायचा नाही, म्हणजे कार्डं जितकी तितकेच बिन, त्यावर एक पीस जास्त नाही. आणि कार्डं किती हे अंदाजपंचे ठरवत नाहीत: रोजची मागणी गुणिले बिन भरून यायला लागणारा वेळ, त्यावर थोडं सेफ्टी मार्जिन, आणि भागिले एका बिनमधले पीस. समजा पुढच्या स्टेशनला दिवसाला 400 पीस लागतात, रिकामा बिन गेला की भरून यायला अर्धा दिवस, मार्जिन 10 टक्के, बिनमध्ये 25 पीस. उत्तर येतं 8.8, म्हणजे 9 कार्डं, जास्तीत जास्त 225 पीस. आता तोच भाग अशा प्रेसवर बनतोय जिथे डाय (भागाला आकार देणारा साचा) बदलायलाच अर्धी शिफ्ट जाते, म्हणून ऑपरेटर एकदा सेटिंग झालं की मोठी बॅच मारून घेतो, बाकीचे भाग रांगेत, आणि आपला बिन भरून यायला दोन दिवस. तोच हिशोब करा, 36 कार्डं, 900 पीस. मागणी तीच, भाग तोच, स्टॉक चौपट, आणि हा स्टॉक कानबानने आणलेला नाही, चेंजओव्हरने, म्हणजे डाय बदलण्यात जाणाऱ्या वेळाने, आणलाय, कानबानने तो फक्त मोजून समोर ठेवला.

म्हणून स्टॉक कमी करायचा तर आधी वेळ कमी करायचा, कार्डं नंतर. जपानी इंजिनीअर शिगेओ शिंगोंनी टोयोटात 1,000 टनी प्रेसचा डाय बदलायचा वेळ चार तासांवरून आधी 90 मिनिटांवर आणि मग 3 मिनिटांवर आणला, 1969-70 च्या सुमाराची गोष्ट, आणि त्यातली मोठी युक्ती म्हणजे जी तयारी मशीन चालू असताना होऊ शकते ती मशीन बंद करून करायची नाही. हे काम कोणी करत नाही, ऑडिटच्या आधी 36 मधली 20 कार्डं काढून घेतात, लाईन उभी राहिली की म्हणतात कानबान फेल!

"पुल म्हणजे ऑर्डर आल्यावर बनवणं, मग फोरकास्ट आणि प्लॅनिंगवाले कशाला?"

हा सगळ्यात जास्त पसरलेला गोंधळ. पुलमध्ये प्रश्न एवढाच असतो की आत्ता या मशीनला पुढचा बिन बनवायची परवानगी कोण देतंय, सकाळी छापून आलेलं शेड्यूल की पुढच्या स्टेशनने खरोखर वापरलेला माल. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी ही कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून घेतली, गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच परत भरायचं, आणि 1953 मध्ये मशीन शॉपमध्ये ती लावली. सुपरमार्केटचं शेल्फ काय रिकामं असतं का, की तुम्ही मागितल्यावर साबण बनवायला घेतात? माल आधीच तिथे असतो, उचलल्यावर त्याची भरपाई सुरू होते.

आणि प्लॅनिंग जात नाही, उलट जास्त शिस्तीचं लागतं. वरच्या हिशोबातला तो 400 चा आकडा आला कुठून? फोरकास्टमधूनच. माणसं किती, शिफ्ट किती, लांबून येणारा कच्चा माल कधी मागवायचा, हे सगळं एमआरपीनेच (मालाची गरज आधी काढणाऱ्या प्लॅनिंग सिस्टीमने) बघायचं असतं. फरक असा की रोजचं शेड्यूल प्रत्येक मशीनला वेगवेगळं न देता फक्त शेवटच्या असेंब्लीला द्यायचं, मागचे सगळे कार्डांवर चालतात. मात्र ते शेड्यूल सपाट हवं, म्हणजे रोज सगळी मॉडेल्स थोडी थोडी, ज्याला हेइजुंका म्हणतात. असेंब्लीने सोमवारी नुसते 2,000 ए मॉडेल काढले आणि मंगळवारी नुसते बी, तर मागच्या प्रत्येक स्टेशनला सोमवारच्या धडाक्यासाठी बिन भरून ठेवावे लागतात आणि मंगळवारी तेच बिन धूळ खातात, मग कार्डांचं कोणतंच गणित बसत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अर्धं डिस्पॅच करणाऱ्या कंपन्यांनी कानबानला नावं ठेवण्याआधी हे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"चिप टंचाईत टोयोटाचंच पितळ उघडं पडलं."

कमी स्टॉकवर चालताना धोका असतो हे खरंय, नाकारण्यात अर्थ नाही. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकीच्या कारिया प्लांटला आग लागली, ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा, आणि टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाईन काही दिवस बंद पडल्या. 2011 च्या भूकंपानंतर मात्र टोयोटाने सप्लायर्सना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला, त्यामुळे 2021 च्या सुरुवातीला बाकीच्या कंपन्या लाईन थांबवत होत्या तेव्हा टोयोटाचं बऱ्यापैकी चालू होतं. शेवटी फटका बसलाच, ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी सप्टेंबरचं जागतिक उत्पादन 40 टक्क्यांनी कापायचं जाहीर केलं, त्यामुळे "टोयोटा सुटली" हेही खोटं.

पण महिन्यांचा साठा ठेवला म्हणजे कानबान सोडलं का? वरचंच सूत्र घ्या आणि वेळेच्या जागी अर्ध्या दिवसाऐवजी चिपला लागणारे महिने टाका, उत्तर महिन्यांच्या स्टॉकचंच येणार. प्लांटच्या आत तासांत भरून येणाऱ्या बिनला तो नियम लावायचं काही कारणच नाही.

"पुठ्ठ्याची कार्डं आता कोण वापरतं?"

नका वापरू. टोयोटा स्वतः इलेक्ट्रॉनिक कानबान वापरते. फक्त एक लक्षात ठेवा, स्क्रीनवर एका क्लिकमध्ये दहा कार्डं वाढवता येतात आणि कोणाला पत्ता लागत नाही, तेव्हा तो अधिकार कोणाकडे हे आधी ठरवा. पुठ्ठ्याचं कार्ड हरवतं, एक हरवलं की एक बिन कमी, म्हणून ती अधूनमधून मोजावी लागतात. दोन्हीकडे कटकट आहेच.

"व्हरायटी जास्त असेल तर चालत नाही."

इथे पोस्टवाल्याला अर्धे मार्क. जो भाग वर्षातून दोनदा लागतो त्याचा भरलेला बिन कायम ठेवणं मूर्खपणा आहे. पण त्यासाठी पुल सोडायची गरज नाही, भागानुसार कार्डं न लावता पूर्ण लाईनवर एकूण किती जॉब असतील यावरच मर्यादा घाला, एक जॉब बाहेर पडला की एक आत. याला कॉनविप म्हणतात, 1990 मध्ये स्पिअरमन, वुडरफ आणि हॉप यांनी मांडलं. फायदा लिटलच्या नियमाने (सरासरी वेळ म्हणजे आत असलेले जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब) लगेच दिसतो: फ्लोअरवर 60 जॉब आणि रोज 10 बाहेर पडतात तर एका जॉबला सरासरी 6 दिवस, 30 वर मर्यादा घातली आणि तरीही 10 बाहेर पडत राहिले तर 3 दिवस. अट एवढीच की सगळ्यात मंद मशीन उपाशी राहता कामा नये, म्हणून 60 वरून एकदम 30 वर उडी न मारता आधी 50 करा, त्या मशीनसमोरची रांग आठवडाभर बघा, रांग अजून लांबच असेल तर 40 करा.