महिला आघाडी पुरे, तालुकाध्यक्षपद द्या

निवडणूक कुठलीही असो, उमेदवारांच्या याद्या लागल्या की पत्रकार परिषदेत एक प्रश्न हमखास येतो. महिलांना एवढीच तिकिटं का? उत्तर सगळ्या पक्षांचं तोंडपाठ आहे. ‘आमची द्यायची खूप इच्छा होती हो, पण निवडून येण्याची क्षमता असलेल्या महिला मिळत नाहीत.’ पुढचा प्रश्न युतीवर जातो, विषय संपतो.

मला या ‘मिळत नाहीत’चा भयंकर राग येतो. बाकी कुठे काय असेल ते असो, महाराष्ट्रात तरी हे धादांत खोटं आहे.

साधा हिशेब करू. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी 30 टक्के जागा महाराष्ट्राने 1990 मध्येच ठेवल्या. मग 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती आली आणि एक तृतीयांश जागा देशभर सक्तीच्या झाल्या. 2011 मध्ये आपण त्या 50 टक्क्यांवर नेल्या. राज्यात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजे एका वेळी 14 हजारांच्या आसपास सरपंचपदं बायकांची. त्यावर पंचायत समित्या, जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिका. तीस-पस्तीस वर्षांत किती बायकांनी अर्ज भरला असेल, प्रचार केला असेल, सभागृहात बसून अजेंडा वाचला असेल, ग्रामसेवकाशी भांडण घेतलं असेल? देशातल्या फार थोड्या राज्यांकडे एवढी तयार फळी असेल.

आता विधानसभा बघा. 2024 ला एकूण 4,136 उमेदवार रिंगणात होते, त्यात महिला 363. निवडून आल्या 21. सभागृह 288 जणांचं. 2019 ला 24 होत्या, म्हणजे आकडा खाली आला. आणि हे कुठल्या वर्षी? ज्या वर्षी सगळी निवडणूक ‘लाडकी बहीण’भोवती फिरली, महिन्याला 1500 रुपये खात्यात पडायला लागले, 65 टक्क्यांहून जास्त बायका मतदानाला बाहेर पडल्या आणि निकालानंतर प्रत्येक चॅनेलवर ‘बहिणींनी सरकार आणलं’ असं सांगितलं गेलं. बहिणीने भावाला निवडून द्यायचं. स्वतः उभं राहायचं म्हटलं की क्षमता आडवी येते.

सगळ्या विरोधी पक्षांचं मिळून त्या निकालात एकच महिला आमदार निवडून आली, धारावीतून. त्यामुळे हे सत्ताधाऱ्यांपुरतं आहे असं समजून विरोधकांच्या समर्थकांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. आणि सत्ताधाऱ्यांनीही नको, कारण ऑगस्ट 2022 मध्ये 18 मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यात एकही बाई नव्हती. राज्याला महिला मंत्री मिळायला जुलै 2023 उजाडला. जवळजवळ वर्षभर मंत्रिमंडळात एकही बाई नाही, याचं फारसं कुणाला काही वाटलंही नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, ‘अहो, त्या सरपंचबाई नावाला असतात, कारभार नवरा बघतो.’ असतात ना. मी कशाला नाही म्हणू? कुठला वॉर्ड राखीव हे चिठ्ठ्या काढून ठरतं, त्या सोडतीत वॉर्ड महिला राखीव पडला की त्याच संध्याकाळी ‘आता मिसेसला उभं करतो’ हे ठरतं. बॅनरवर ‘सौ.’चा फोटो जेवढा, तेवढाच हात जोडलेला ‘भाऊं’चा. गुलाल उधळला जातो तो भाऊंवर, खांद्यावर घेतलं जातं तेही भाऊंना. सौ. त्या गर्दीत कुठेतरी ताट घेऊन औक्षणाला उभ्या. हे सगळं आपण बघितलेलं आहे.

पण लोक पहिल्या सहा महिन्यांचं चित्र बघतात आणि तिथेच थांबतात. पाचव्या वर्षाचं चित्र बघायला कुणी जात नाही. पहिल्या मासिक सभेत तोंड न उघडणारी बाई तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याचं बिल अडवून धरते, कारण टाकीला गळती आहे हे तिला माहीत असतं आणि ठेकेदाराला वाटत असतं की हिला काय कळतंय. सही कुठे करायची नाही हे एकदा कळलं की बाईचा सूर बदलतो. नवऱ्याचाही बदलतो, पण तो वेगळ्या कारणाने!

आणि बाई खरंच कारभार करायला लागली की काय होतं, त्याचं उदाहरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात या तक्रारीवरून अपात्र ठरवलं गेलं. खालून वरपर्यंत सगळ्यांनी ते उचलून धरलं. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाली, निर्णय घेतेय, हे गावातल्या लोकांना पचलेलं नाही. तेव्हा ‘नामधारी’ म्हणून हसायचं आणि नामधारी राहिली नाही की तिचं पद काढायला तक्रारी करायच्या, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सुखाने एकत्र नांदतात.

मग घोडं अडतं कुठे? माझं मत असं की ते मतदारांपाशी अडत नाही, घरातही लोक समजतात तेवढं अडत नाही. ते पक्षाच्या तालुका कार्यालयात अडतं.

ओळखीतल्या एका ताईंबरोबर मी इच्छुकांच्या मुलाखतींना गेले होते. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या पक्षात वेगळं घडलं असतं असा माझा अजिबात समज नाही. ताई नगरसेविका राहिलेल्या, तेव्हा वॉर्ड राखीव होता. आता आरक्षण फिरलं होतं, वॉर्ड ओपन झाला होता. त्यांनी फाईल नेली होती: कुठल्या गल्लीत ड्रेनेज झालं, कुठलं राहिलं, बूथनिहाय गेल्या वेळची मतं. समोर पाच-सहा जण, सगळे पुरुष, मध्ये काजू-बिस्किटांच्या बशा. फाईल कुणी उघडली नाही. पहिला प्रश्न, ‘मिस्टर काय करतात?’ दुसरा, ‘किती लावाल?’ लावाल म्हणजे पैसे. तिसरा प्रश्न नव्हताच, सल्ला होता. ‘ताई, वॉर्ड आता ओपन आहे, तुम्ही कशाला दगदग करता? तुमचं महिला आघाडीत चांगलं बघू.’

ओपन वॉर्डातून बाईने उभं राहायला कायद्याची काडीची आडकाठी नाही. राखीव जागा ही किमान मर्यादा आहे. पण सगळ्या पक्षांनी मिळून ती कमाल करून टाकली आहे. अर्ध्या जागा राखीव म्हणजे उरलेल्या अर्ध्या पुरुषांच्या, असा अलिखित नियमच. त्यामुळे पाच वर्षं घासून तयार झालेली बाई सोडत फिरली की घरी जाते आणि पलीकडच्या वॉर्डात नवी बाई पहिलीपासून सुरुवात करते. पुरुषाचा वॉर्ड गेला तर त्याला निवडणुकीशिवाय स्वीकृत सदस्य म्हणून सभागृहात घेतात, बाजार समितीवर घेतात, शहराध्यक्ष करतात. त्याची ‘सोय लावली’ जाते. बाईची सोय म्हणजे महिला आघाडी.

महिला आघाडीबद्दल एकदा स्पष्ट बोललंच पाहिजे. तिथे काम करणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. सभेला गर्दी त्या आणतात, दारोदार स्लिपा त्या वाटतात, मोर्चात पोलिसांच्या व्हॅनमध्ये आधी त्याच बसतात. पण पक्षाच्या वाड्यात त्यांची जागा माजघरात. ओसरीवर उमेदवारी ठरते आणि आतून चहा येतो. आघाडीच्या जिल्हाध्यक्षा कोअर कमिटीत असल्या तर एखादी खुर्ची. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाच्या हातात द्यायचा या चर्चेत त्यांना कुणी विचारत नाही. वर्षभराचे कार्यक्रम काय, तर संक्रांतीला हळदीकुंकू, आठ मार्चला सत्कार, निवडणूक जवळ आली की ‘खेळ पैठणीचा’. तो खेळही बहुतेकदा इच्छुक भाऊंच्या सौजन्याने. बजेटवर, पीक विम्यावर, शहराच्या विकास आराखड्यावर महिला आघाडीचं शिबिर कुणी बघितलं आहे का?

आणि दुसरी शिडी तर बघायलाच नको. ग्रामीण महाराष्ट्रात आमदार होण्याची वाट जिल्हा परिषदेतून जाते तेवढीच साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघातूनही जाते. पैसा, माणसं, गाड्या, नोकऱ्या, सगळं तिथे. या सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात जास्तीत जास्त 21 जण, त्यात महिलांसाठी राखीव किती? 2. ग्रामपंचायतीत निम्म्या आणि कारखान्यात 2. म्हणजे जिथे रस्त्याच्या दिव्याचा प्रश्न आहे तिथे समता, आणि जिथे ऊसबिलाचा आणि कर्जवाटपाचा आहे तिथे दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्यांवर कुणाच्या घरातल्या बायका बसतात हे मी सांगायला नको.

घराणेशाहीचा मुद्दा येतोच. सभागृहात पोचलेल्या बऱ्याच बायका कुणाची तरी मुलगी, सून, पत्नी आहेत, हे खरं आहे. पण सभागृहातले बरेच पुरुषही कुणाचे तरी मुलगा, पुतणे, जावई आहेत आणि त्यांना कुणी ‘नामधारी’ म्हणत नाही. मला त्यातली अडचण वेगळी दिसते. पुरुषाला घराण्याशिवाय निदान शाखाप्रमुख, तालुकाप्रमुख, मग आमदार अशी एक वाट आहे. रिक्षा चालवणारे, पानटपरीवाले त्या वाटेने वर गेल्याची उदाहरणं आहेत. बाईला ती मधली वाटच नाही. म्हणून माहेर-सासरची पुण्याई हाच एक रस्ता उरतो.

एके काळी दुसरे रस्ते होते. प्रतिभा पाटील 1962 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या, 1979 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या आणि पुढे 1988 मध्ये प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष. मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी भांडत महापालिकेत गेल्या, तिथून विधानसभेत आणि 1977 ला लोकसभेत. अहिल्या रांगणेकरही त्याच लाटेत लोकसभेत पोचल्या. महागाईविरोधात लाटणी घेऊन उतरलेल्या या बायका, त्यांना रस्त्यावरून राजकारणात यायला पक्षांनी दार उघडं ठेवलं होतं. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर अख्खं पॅनेलच महिलांचं उभं करायची कल्पना गावोगाव गेली आणि जळगावच्या विटनेरमध्ये 1989 मध्ये संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत आली. तेव्हा 30 टक्क्यांचं आरक्षणही आलेलं नव्हतं. ‘महिला मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास निदान चाळावा.

आता सगळे 2023 च्या कायद्याकडे बोट दाखवतात. लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा, म्हणजे आजच्या हिशेबाने विधानसभेत 96. मला हा कायदा हवा आहे, पण त्याला जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना अशी दुहेरी अट घातली गेली, आणि पक्षांना ती अट भलतीच सोयीची आहे. कायदा येतोय ना, मग आत्ता कशाला? दुसरं म्हणजे या जागाही फिरत्या असणार. पक्षांची तालुका पातळी आज आहे तशीच राहिली तर जो तमाशा वॉर्डात होतो तोच मतदारसंघात होईल. 96 भाऊ आपापल्या मिसेसचे बॅनर छापून घेतील.

आणि तिकीट द्यायला कायद्याची वाट बघावी लागते असंही नाही. 2019 च्या लोकसभेला ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी 7 जागांवर महिला दिल्या, त्यातल्या 5 निवडून आल्या. बंगालमध्ये तृणमूलने 42 पैकी 17 दिल्या. (उत्तर प्रदेशात काँग्रेसने 2022 ला 40 टक्के तिकिटं दिली आणि पक्षाच्या जागा आल्या 2. हेही सांगते, नाहीतर कुणीतरी खाली टाकणारच. जिथे मुळात संघटनाच उरलेली नव्हती तिथे उमेदवार बाई होती म्हणून पडली, असं म्हणणं हास्यास्पद आहे.)

माझी मागणी म्हणून तिकिटांच्या टक्क्यांपासून सुरू होत नाही, त्याच्या आधीच्या पायरीपासून होते. मुख्य कार्यकारिणीत तालुकाध्यक्ष, शहराध्यक्ष, जिल्हाध्यक्ष यांतली एक तृतीयांश पदं बायकांना द्या. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवर निम्म्या बायका बसवा. राखीव वॉर्डातून आलेल्या नगरसेविकेचं काम चांगलं असेल तर ओपन झाल्यावरही तिलाच द्या. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही, जनगणना लागत नाही. प्रदेशाध्यक्षांची एक सही लागते. बैठका रात्री अकराला ढाब्यावर घेणं बंद करावं लागेल, हे मान्य आहे. बाई राजकारणात आली की तिच्याबद्दल कोण काय कुजबुजतं, तेही त्याच ढाब्यांवर शिजतं, तेव्हा त्यात पक्षाचं फारसं नुकसान होईल असं मला वाटत नाही.

1960 पासून या राज्यात एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी ‘पहिली महिला मुख्यमंत्री कोण?’ असं पिल्लू कुणीतरी सोडतं, चार नावं चालतात, चॅनेलचे दोन तास भरतात. मला त्या प्रश्नात सध्या रस नाही. तुमच्या तालुक्यात, कुठल्याही पक्षाच्या मुख्य कार्यकारिणीवर महिला तालुकाध्यक्ष असतील तर पक्ष आणि तालुका खाली लिहा. महिला आघाडीच्या अध्यक्षा धरायच्या नाहीत, आणि नवरा माजी आमदार असेल तर तेही लिहायचं.