क्लासला फी भरायच्या आधी एक प्रश्न विचारा

पुण्यात डेक्कन ते कर्वे रोड एक चक्कर मारा, कोडिंग क्लासच्या '१०० टक्के प्रॅक्टिकल ट्रेनिंग', 'लाइव्ह प्रोजेक्ट' असल्या पाट्या मोजून दमाल. परभणी, लातूर, नगरकडची पोरं येतात, कर्वेनगर नाहीतर नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा लावतात आणि घरच्यांनी इकडून तिकडून उभे केलेले पैसे तिथे नेऊन भरतात. माझं स्पष्ट मत आहे की यातलं बहुतेक प्रॅक्टिकल हे प्रॅक्टिकल नाहीच.

कॉलेजात तरी काय वेगळं असतं? सिलॅबसमध्ये प्रॅक्टिकल आहे, टर्मवर्कला मार्क आहेत, पण होतं असं की सिनियरची फाइल घ्यायची, प्रिंट काढायच्या, सबमिशनच्या आठवड्यात केबिनबाहेर लाइन लावायची आणि ओरलला एक्स्टर्नलसमोर पाठ केलेली डेफिनेशन म्हणून दाखवायची. क्लासमध्ये सर टाइप करतात, पोरं मागोमाग टाइप करतात आणि शेवटी अख्ख्या बॅचकडे तेच हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर तीच शॉपिंग वेबसाइट. रिझ्युमे बघणाऱ्याला कळतं हो, बटणांचे रंगसुद्धा तेच असतात!

मी हिंजवडीत आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घ्यावे लागतात. हल्ली नवीन प्रोग्राम लिहायला सांगतच नाही. एक छोटा चालू कोड देतो, त्यात पेशंटची जन्मतारीख १५ ऑगस्ट भरली की सेव्ह झाल्यावर १४ ऑगस्ट दिसते. जावास्क्रिप्टने तारीख बनवली ती आपल्या रात्री बाराची, सर्व्हरला पाठवताना ती यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, बदलली, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे अजून आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेत, आणि वेळ कापून नुसती तारीख ठेवली की उरते १४. हे उत्तर आलंच पाहिजे असं अजिबात नाही. मी बघतो की पोरगं करतं काय. मध्ये कुठे व्हॅल्यू प्रिंट करून बघतं का, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये नक्की काय गेलं ते उघडतं का, लॅपटॉपचा टाइमझोन बदलून बघावा असं सुचतं का. भरपूर मार्कवाली पोरं इथे गप्प बसतात, नाहीतर सरळ तारखेत एक दिवस वाढवून मोकळी होतात, म्हणजे अमेरिकेतून (ते यूटीसीच्या मागे, तिथे तारीख घसरतच नाही) कुणी फॉर्म भरला की १६ ऑगस्ट.

पोरं ढ नाहीयेत. त्यांना बिघडलेला कोड कुणी हातातच दिलेला नसतो. नाना पेठेतल्या गॅरेजमध्ये नवीन पोराला पहिल्या दिवशी इंजिन बनवायला बसवत नाहीत, आलेली गाडी खोलायला देतात. नोकरीतही सुरुवातीला दुसऱ्याने लिहिलेला, कधीकधी लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, असा कोडच वाट्याला येतो. त्यात शिरायचं कसं, गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) हिस्ट्रीत ही ओळ कुणी आणि का टाकली ते शोधायचं कसं, हे शिकवायला हवं. गिट २००५ पासून फुकट आहे. त्यातलं बायसेक्ट (दरवेळी निम्मे बदल बाद करत शोधणारी कमांड) वापरलं तर हजार कमिटमधला, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमधला, घोळ घालणारा कमिट साधारण दहा वेळा तपासून सापडतो, पण ऐंशी टक्के सिलॅबस 'कव्हर' करायच्या नादात हे कोण दाखवणार. (थिअरीवर माझा राग नाही, डेटाबेसचा इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधायची सूची, काय करतो हे माहीत नसेल तर स्लो क्वेरीपुढे नुसतं बसून राहाल.)

आणि खरी अडचण आहे रिव्ह्यूची. व्हिडिओ एकदा बनवला की हजार पोरांना विकता येतो, पण एका पोराचा कोड ओळ न ओळ वाचून 'ही टेस्ट कुठाय, हे नाव असं का दिलंस' असं विचारायला जाणता माणूस आणि त्याचा वेळ लागतो, तो परवडत नाही म्हणून कुणी देत नाही. पॅरिसमध्ये २०१३ ला '४२' नावाची शाळा निघाली, तिथे शिक्षकच नाहीत, फी नाही, पोरंच एकमेकांचं काम तपासतात. चेन्नईची झोहो कंपनी बारावी-डिप्लोमावाल्यांना घेऊन, वर स्टायपेंड देऊन शिकवते. म्हणजे मार्ग आहेत.

आपल्या कॉलेजांना तर फुकटात जमेल. दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट व्हायवा झाला की कपाटात जातात. त्याऐवजी तोच प्रोजेक्ट पुढच्या बॅचच्या ताब्यात द्या ना! हॉस्टेलच्या मेसचं किंवा लायब्ररीचं ॲप असू दे, खरे यूजर असू देत, ज्युनियरने सिनियरचा कोड वाचायचा, बग काढायचे, सिनियरने रिव्ह्यू करायचा. दोन वर्षांत त्या कोडची अवस्था अशी होईल की कंपनीत गेल्यासारखंच वाटेल 😄

'आता एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला' म्हणणाऱ्यांना सांगतो, एआयने दिलेला कोड हाही दुसऱ्याचाच कोड आहे, आणि त्यातली १४ ऑगस्ट तुम्हालाच शोधायचीय.

तर पालकांनो, ॲडमिशनला गेलात की विचारा, माझ्या मुलीचा कोड कोण वाचणार आणि आठवड्यातून किती वेळा? मागच्या बॅचमधल्या कुणाच्या कोडवरच्या कॉमेंट दाखवता का? काउन्सेलरने उत्तराऐवजी प्लेसमेंटचे फोटो काढले तर चहा पिऊन निघा, चेक फाडू नका.