सेन्सर हवाच, पण पंख्याला

काका, (सही तुम्हीच 'लेस्टरचे काका' अशी केलीत, म्हणून हक्काने म्हणते) तुमची प्रतिक्रिया झोंबली. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: कम्युनिटी हॉलच्या टॉयलेटमध्ये थर्मोस्टॅटवर चालणारे ट्यूब हीटर (म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणाऱ्या, विजेवर तापणाऱ्या लांब नळ्या) लावा, असं मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, माणूस तिथे तीन मिनिटं थांबतो, त्याच्यासाठी दिवसभर भिंती तापवणं म्हणजे पौंड फ्लश करणं. त्यापेक्षा हवेऐवजी थेट माणसाला ऊब देणारं इन्फ्रारेड पॅनल लावा, माणूस आला की ते चालू करणारा सेन्सर जोडा, वीज निम्मी. शिवाय उघड्या ट्यूबला कुणाचा हात लागला तर काय, हे मी लिहिलंच नाही.

ते शेवटचं आधी घेते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. चालू ट्यूबला हात लावून बघा, पटकन मागे येतो. सार्वजनिक जागी ती जाळीशिवाय लावूच नये. आणि अपंगांच्या टॉयलेटमध्ये खाली ट्यूब नकोच. व्हीलचेअरवरच्या ज्या माणसाच्या पायांना संवेदना नसते, त्याचा गुडघा हीटरला टेकला तर चटका त्याला कळत नाही. कळतं ते घरी गेल्यावर, फोड आलेला दिसला की. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, मार्गदर्शनात रेडिएटरच्या पृष्ठभागाला 43 अंशांची मर्यादा आहे ती उगाच नाही.

आता 'वीज निम्मी'. काका, तुम्ही स्वतः इलेक्ट्रिकलवाले. एक युनिट वीज घातली की कुठलाही साधा हीटर एक युनिटच उष्णता देतो, मग तो ट्यूब असो, पंख्याचा असो की इन्फ्रारेड. (हीट पंप बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, त्याची गोष्ट वेगळी.) वाचतं ते हीटर कमी वेळ चालल्यामुळे. आणि भिंतीवरचं पॅनल नीट तापायलाच काही मिनिटं घेतं. तोवर तुमचा तीन मिनिटांचा पाहुणा हात पुसून बाहेर! म्हणजे पॅनल तापणार ते रिकाम्या टॉयलेटसाठी. लालभडक होणारे क्वार्ट्झ हीटर लगेच ऊब देतात, हे खरं, पण आमच्या पुरुषांच्या टॉयलेटचं छत इतकं खाली आहे की ते डोक्याला लागतील.

पण खरा मतभेद वेगळाच आहे. तुम्ही हीटर माणसासाठी घेताय, मी तो पाइपसाठी घेतला. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत हॉल दहा दिवस बंद होता. माणूस नाही, म्हणजे सेन्सर असता तरी गप्पच बसला असता. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. युरिनलमागच्या फळीआड उत्तरेच्या भिंतीला चिकटून गेलेला तांब्याचा पाइप शेंगेसारखा उकलला होता. उकलला तेव्हा काहीच झालं नाही. बर्फ वितळला तेव्हा पाणी कॉरिडॉरपर्यंत आलं. योगवर्गाच्या चटया मी आठवडाभर वाळवत होते. तेव्हापासून थर्मोस्टॅट पाच अंशांवर कायम चालू असतो. बुकिंग असेल तेव्हा अर्धा तास आधी टायमर तो सोळावर नेतो. दिवसभर भिंती तापवत नाही हो, काका!

पैसे जातात ते दुसरीकडून, आणि हे लेखात यायला हवं होतं. इथल्या नियमांत प्रत्येक कमोडमागे सेकंदाला सहा लिटर हवा बाहेर काढायची असते. आमचे चार, म्हणजे 24 लिटर. बाहेर दोन अंश, आत सोळा, तर तिच्या जागी येणारी थंड हवा तापवायचा हिशेब जवळजवळ 400 वॉटवर जातो. चार फुटी दोन ट्यूब जेवढं देतात तेवढं पंखा आकाशात फेकतो. आमचा पंखा पूर्वी दिव्याच्या बटणावर होता आणि दिवा कुणी बंद करत नसे. सेन्सर मी तिथे बसवला. माणूस गेल्यावर पंधरा मिनिटं पंखा चालतो, ओल आणि वास काढतो, थांबतो.

पॅनलशी माझं वैर नाही. कपडे बदलायच्या खोलीत मुलं बाकावर दहा-पंधरा मिनिटं बसून बुटांच्या नाड्या सोडतात, तिथे बाकाच्या वर पॅनल लावायचं माझ्याही डोक्यात आहे. त्याला उंची किती ठेवावी, तेवढं सांगा. जाळीची ओळ मूळ लेखात आजच घालते.