स्वल्पविराम फुप्फुसं ठरवत नाहीत

इंग्रजी सुधारण्याचे 'सोपे नियम' सांगणारा एक संदेश पुन्हा फिरायला लागलाय. वाक्य मोठ्याने वाचा, जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या. 'अँड'आधी तो कधीच नको, 'बट'आधी हमखास हवा, 'बिकॉज'आधी चुकूनही नको. शंका आली तर देऊन टाका, एखादा जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही. आणि तळाशी इंग्रजीत एक ओळ: 'प्लीज शेअर धिस, इट विल हेल्प युवर चिल्ड्रन.' त्या ओळीकडे नंतर येतो. दुसऱ्यांचे इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अशा नियमांचे परिणाम शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतात. (उदाहरणं देवनागरीत देतोय, सांभाळून घ्या.)

श्वासाचा नियम अगदीच हवेतला नाही. बायझँटियमच्या अॅरिस्टोफेनीस या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालाने ख्रिस्तपूर्व काळात ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली, ती मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठीच. अठराव्या शतकातलं इंग्रजीही बरंचसं कानाने विरामचिन्हं द्यायचं. अमेरिकी राज्यघटनेची 1791 सालची दुसरी दुरुस्ती पाहा, तिचा शेवट असा आहे: 'टु कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड'. कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध स्वल्पविराम! आज तो संपादकाच्या लाल पेनातून सुटणार नाही, कारण आता तो वाक्याच्या रचनेवरून ठरतो. 'द फाइल यू सेंट मी लास्ट वीक इज मिसिंग' वाचताना 'वीक'पाशी जीभ थबकते, पण तिथे स्वल्पविराम दिला तर चूक. उलट 'थँक यू, डॉक्टर' आपण एका दमात म्हणतो, तरी तिथे तो हवाच. ज्याला उद्देशून बोलतो त्याचं नाव इंग्रजी वेगळं काढतं.

'अँड'आधी कधीच नको? 'शी क्लोज्ड द फाइल अँड लेफ्ट' यात कर्ता एकच, तिथे नकोच. 'शी क्लोज्ड द फाइल, अँड ही लेफ्ट द रूम' ही मात्र दोन पुरती वाक्यं, तिथे द्यायचा. राहिला यादीतल्या शेवटच्या नावाआधीचा, म्हणजे ऑक्सफर्ड कॉमा. शिकागो मॅन्युअल हे संपादकांचं नियमपुस्तक तो मागतं, एपी वृत्तसंस्थेची शैली साध्या यादीत तो गाळते. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एका मजकुरात एकच ठेवा.

मात्र गाळल्याने काय होऊ शकतं, ते मेन या अमेरिकी राज्यात दिसलं. जादा तासांच्या वाढीव मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी तिथल्या कायद्यात होती, आणि तिचा शेवट होता 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक तो मोबदला मागत म्हणाले, वगळलंय ते पॅकिंग, शिपमेंटसाठीचं असो वा वितरणासाठीचं. आम्ही पॅकिंग करतच नाही, माल पोहोचवतो. कंपनीचं म्हणणं, वितरण हे यादीतलं वेगळं काम. 2017 साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे कायद्याची दुरुस्ती करताना विधिमंडळाने त्या यादीत चक्क अर्धविराम घातले.

'बट'चं लवकर उरकतो. 'अ स्मॉल बट सीरियस मिस्टेक'. इथे स्वल्पविराम घालून दाखवा.

'बिकॉज'चा नियम मात्र खरोखर घात करतो. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द सॅलरी' असं सलग लिहिलं, तर बहुतेक वाचक समजतील की राजीनामा दिला, पण पगारापायी नाही. 'रिझाइन'नंतर स्वल्पविराम द्या: राजीनामा दिलाच नाही, पगाराकडे बघून थांबला. माणूस नोकरीत आहे की गेला, हे त्या एवढ्याशा शेपटीवर ठरतं. 'ध'चा 'मा' करायला निदान अक्षर तरी बदलावं लागलं होतं.

आणि जास्तीचे दिले तर काही बिघडत नाही, हे तर साफ खोटं. 'द एम्प्लॉइज हू वर्क्ड ऑन संडे विल गेट अ बोनस' म्हणजे रविवारी आलेल्यांनाच बोनस. 'एम्प्लॉइज'नंतर आणि 'संडे'नंतर एकेक स्वल्पविराम टाका, की ज्यांची गोष्ट चालली आहे ते सगळेच कर्मचारी रविवारी आले होते आणि सगळ्यांनाच बोनस. हिशेब विभागाला विचारा, बिघडतं की नाही.

संदेशात जे नाही, तेच मला रोज सर्वांत जास्त दुरुस्त करावं लागतं. 'फाइल पाठवली आहे, बघून घ्या' हे मराठीत कुणालाच खटकत नाही. तीच सवय इंग्रजीत उतरते: 'आय हॅव सेंट द फाइल, प्लीज चेक.' दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली इंग्रजीला चालत नाहीत; पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड', 'सो' असा जोडशब्द लागतो. 'हाउएव्हर' हा जोडशब्द वाटतो, पण तोही या कामाचा नाही, त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविरामच हवा. तर ती तळाची ओळ: 'प्लीज शेअर धिस'नंतर पूर्णविराम हवा होता.